वेलांटी आधी, उच्चार नंतर

विशेष शिक्षकांच्या पदांवरून सर्वोच्च न्यायालयाने राज्यांचे कान उपटले, ते मार्च २०२५ मध्ये. प्राथमिक वर्गांत विशेष गरजा असलेल्या दर १० मुलांमागे एक शिक्षक, त्यापुढे १५ मुलांमागे एक, हे प्रमाण तर केंद्राने २०२२ मध्येच ठरवून दिलं होतं. तरीही शाळा सुरू झाल्या की वाचनात अडखळणाऱ्या पहिली-दुसरीतल्या मुलांच्या आयांना तेच जुनं वाक्य ऐकायला मिळतं : "तुम्ही घरीच घ्या ना त्याचं!"

घरी घेता येतं का? येतं, आणि काही बाबतीत शाळेपेक्षा चांगलं घेता येतं. त्याचं एक कारण आपल्या लिपीतच आहे.

'किती' हा शब्द बघा. डोळ्यांना आधी वेलांटी दिसते, मग क. तोंडाने मात्र आधी क् म्हणायचा, मग इ. 'सूर्य'मधला र बोलताना य च्या आधी येतो आणि लिहिताना य च्या डोक्यावर जाऊन बसतो. म्हणजे देवनागरी वाचणाऱ्याला डावीकडून उजवीकडे सरळ जाऊन भागत नाही; वर, खाली, मागे असं फिरावं लागतं. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातल्या नंदिनी चटर्जी सिंग यांनी सहकाऱ्यांसह हिंदी वाचणाऱ्यांच्या मेंदूची चित्रं घेतली, तेव्हा डाव्या भागाबरोबर उजवा भागही कामाला लागलेला दिसला. हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्याच पुढाकाराने पुढे 'डाली' ही डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचनातल्या अडचणीची, चाचणी तयार झाली. ती हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीतही आहे. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. घरात मराठी बोलणाऱ्या मुलाची असेसमेंट फक्त इंग्रजीत झाली, तर त्याला वाचायला अडचण आहे की इंग्रजीच येत नाही, हे कळणार कसं? घरी शिकवायचं ठरवणाऱ्या पालकांनी आधी हे विचारावं : चाचणी कोणत्या भाषेत घेतली?

आता स्वयंपाकघरात येऊ. परातीत रव्याचा पातळ थर. आई मुलाचं बोट धरून 'कि' काढते. वेलांटी काढताना दोघंही गप्प, क ची दांडी खाली आली की दोघं मिळून मोठ्याने 'कि'. परात हलवायची, पुन्हा काढायचं. दुसऱ्या दिवशी नवं अक्षर नाही, आधी कालचंच. डोळा, कान, बोट एकाच वेळी कामाला लावण्याची ही रीत अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन आणि अ‍ॅना गिलिंगहॅम यांनी १९३०च्या दशकात बांधली. धूळपाटीवर अक्षरं गिरवणाऱ्या आपल्या पणजोबांना ती अनोळखी वाटली नसती. चाळीस मुलांच्या वर्गात एकट्या मुलासाठी इतकं थांबणं बाईंना जमत नाही, घरी जमतं.

पण घरी जमतं म्हणून शाळेने हात झटकायचे, हे मला मुळीच मान्य नाही. शिक्षणहक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने घरून शिकण्याचा पर्याय आला, तो बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांसाठी. तो मुलाचा हक्क आहे, शाळेची सोय नव्हे. डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता असलेलं मूल त्यात बसत नाही. ही अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत आहे आणि त्याच कायद्याने मान्यताप्राप्त शाळांना भेदभाव न करता प्रवेश द्यायला बांधलेलं आहे. 'घरीच घ्या' म्हटल्यावर नोकरी सुटते ती बहुतेक वेळा आईचीच, शाळेत ठेवायचं तर वर्गात मुलाशेजारी बसणाऱ्या मदतनिसाचा, म्हणजे शॅडो टीचरचा, खर्चही घरावरच आणि मधल्या सुट्टीतले सवंगडी तर कोणतीच आई परातीत आणू शकत नाही.

स्वतःहून घरचा मार्ग निवडलेल्यांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीचे टप्पे आहेत. पुढे दहावीही तिथून देता येते. परत शाळेत जायचं झालं तर चौदा वर्षांपर्यंत वयानुरूप वर्गात प्रवेश मिळायलाच हवा. आणि ज्यांना शाळेनेच घरचा रस्ता दाखवला, त्यांनी तो सल्ला लेखी मागावा. बहुतेक शाळा तो लिहून देणार नाहीत. एखादीने दिलाच, तर तो कागद जोडून पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयात तक्रार करता येते.