दुभंगलेल्या ओठामागचे १२ टक्के

ओठ दुभंगण्यामागच्या आनुवंशिक कारणांत आयआरएफ६ या एकाच जनुकाचा वाटा सुमारे १२ टक्के आहे. २००४ साली हा आकडा मांडला तो अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातले बालरोगतज्ज्ञ आणि आनुवंशशास्त्रज्ञ जेफ्री मरे यांच्या गटाने, १,९६८ कुटुंबांतल्या ८,००३ व्यक्तींच्या डीएनएवरून. ८८ टक्के बाकी राहतात, त्यामुळे १२ थोडे वाटतील. पण ज्या व्यंगात अनेक जनुकांचा आणि परिस्थितीचा हात असतो, तिथे एका जनुकाच्या नावावर दोन आकडी टक्केवारी क्वचितच लागते.

व्यंगाचा पसारा आधी पाहू. जगात साधारण दर ७०० जन्मांमागे एका बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेली असते, म्हणजे हजारी १.४. भारतात वर्षाला २.३ कोटी जन्म धरले, तर या हिशेबाने वर्षाला सुमारे ३३ हजार बाळे होतात. मरे यांचा गट फिलिपिन्समध्येही बरीच वर्षे काम करत होता. तिथल्या नेग्रोस बेटावर दुभंगलेल्या ओठाचे प्रमाण हजारी १.९४ निघाले. ज्या घरात असे एक मूल आधीच आहे, तिथे पाठच्या भावंडात ते हजारी २३ होते, म्हणजे जवळपास बारा पट.

आपल्याकडे अशा बाळाच्या आईला आजही ऐकवले जाते, की ग्रहणात तू काहीतरी चिरलेस. वरचा ओठ गर्भाच्या सातव्या आठवड्यापर्यंत सांधला जातो, टाळू बाराव्याच्या सुमारास. पाचव्या महिन्यात ग्रहण आले आणि तिने भाजी चिरली, तेव्हा बाळाचा ओठ तयार होऊन तीन महिने उलटलेले असतात. दिवस गेल्याचे कळण्याआधीच बराचसा चेहरा घडलेला असतो. त्या बाईला बोल लावणे थांबवायला एवढा हिशेब पुरेसा आहे.

१२ टक्क्यांपर्यंतची वाट मात्र २ टक्क्यांतून गेली. व्हॅन डर वूड सिंड्रोममध्ये ओठ-टाळू दुभंगण्याबरोबर खालच्या ओठावर बारीक खळगे असतात. दुभंगलेल्या ओठ-टाळूच्या एकूण रुग्णांत हे सुमारे २ टक्के. १९९० मध्ये मरे यांनी या सिंड्रोमचे मूळ पहिल्या गुणसूत्रावर असल्याचे दाखवले. नेमके जनुक हाती यायला आणखी १२ वर्षे लागली. अडचण अशी, की कोणत्याही दोन माणसांच्या डीएनएत फरक सापडतातच आणि त्यांतले बहुतेक निरुपद्रवी असतात. दोषी कोणता, हे कसे ओळखायचे?

उत्तर एका जुळ्यांच्या जोडीत मिळाले. दोघे एकाच बीजातून जन्मलेले, म्हणजे डीएनए सारखाच, तरी एकाला सिंड्रोम आणि दुसऱ्याला नाही. अशा जोडीत फरक सापडला, तर संशय थेट त्याच्यावरच जातो. आयआरएफ६मध्ये प्रथिन अर्धवट तोडणारा एक बदल बाधित जुळ्यात होता. दुसऱ्या जुळ्यात नव्हता, आईवडिलांतही नव्हता. याच जनुकातले बदल मग सिंड्रोम असलेल्या आणखी ४५ कुटुंबांत सापडले. २००२ सालचा हा शोध शिन्जी कोंडो, ब्रायन शुट्टे आणि मरे यांच्या गटाचा. या सगळ्या कामातला मला सर्वांत भक्कम वाटणारा पुरावा हाच.

२००४च्या अभ्यासाने हेच जनुक २ टक्क्यांच्या बाहेर, सिंड्रोम नसलेल्या रुग्णांत तपासले. एक मूल बाधित असलेल्या घरात या जनुकातल्या प्रकारांमुळे पुढच्या मुलाचा धोका तिप्पट होऊ शकतो, असे त्यातून निघाले. समुपदेशनात तिप्पट हा शब्द एकटा वापरू नये. मूळ धोका ३ टक्के धरला तर तिप्पट म्हणजे ९, आणि १०० पैकी ९१ बाळांचा ओठ तरीही सांधलेलाच असतो.

विसंगती इथे सुरू होतात. २००४ मध्ये ज्या बदलावरून जनुक पकडले, त्यात धोक्याशी जोडलेले रूप लोकसंख्येत विरळ नव्हते, सर्रास आढळणारे होते. एवढ्या लोकांत असलेली गोष्ट गुन्हेगार कशी? २००८ मध्ये खुलासा झाला. धोक्याची एक खूण जनुकाच्या आत नव्हती, शेजारच्या नियंत्रक भागात होती. तिथे डीएनएचे एक अक्षर बदलले, की एपी-२ अल्फा हे प्रथिन नीट चिकटत नाही. हा संबंध सर्वांत ठळक होता तो फक्त ओठ दुभंगलेल्या, टाळू शाबूत असलेल्या रुग्णांत.

दुसरी विसंगती डेन्मार्कच्या जुळ्यांची. २०११च्या तिथल्या अभ्यासात, एका जुळ्याचा ओठ दुभंगलेला असताना दुसऱ्याचाही तसाच असण्याचे प्रमाण एकबीज जुळ्यांत ५० टक्के आणि द्विबीज जुळ्यांत ८ टक्के आले. ५० आणि ८ मधले अंतर जनुकांचे वजन दाखवते. उरलेल्या ५० टक्क्यांत डीएनए तोच असूनही एकाचा ओठ सांधला गेला.

२०१० मध्ये मरे यांचा सहभाग असलेल्या गटाने आई, वडील आणि बाधित मूल अशी १,९०८ त्रिकुटे घेऊन संपूर्ण जीनोम चाळला. एबीसीए४ या जनुकाजवळची खूण आशियाई वंशाच्या कुटुंबांत ठळक निघाली, आठव्या गुणसूत्रावरची युरोपीय वंशाच्या कुटुंबांत. ही त्रिकुटे युरोप, अमेरिका, चीन, तैवान, सिंगापूर, कोरिया आणि फिलिपिन्समधली होती. वर्षाला ३३ हजार बाळांचा देश त्यात नव्हता. खुणांचे वजन वंशागणिक एवढे बदलत असेल, तर भारतीय कुटुंबाला सांगायचा धोका भारतीय त्रिकुटांवरूनच मोजावा लागेल.