विद्यापीठाचा जिमखाना : पैसे भरावेत की नाही?

गेल्या रविवारी आमच्या मोठ्या दिरांची मुलगी याद्या घेऊन माझ्याकडे बसली होती. तिचा नवरा अमेरिकेत पीएच.डी. करतोय आणि ही आता त्याच्याकडे निघाली आहे. कुकर किती लिटरचा न्यायचा, गोडा मसाला किती, पोळपाट न्यायचं की तिथं मिळतं, असं सगळं चाललं होतं. मध्येच म्हणाली, "काकू, तिथं विद्यापीठाचा मोठा जिमखाना असतो म्हणे. ह्याला फुकट आहे, माझे मात्र वेगळे पैसे भरावे लागतील. भरू का?"

मी पटकन "हो" म्हणणार होते, पण थांबले. याच प्रश्नावरून परदेशात आमच्या घरी दोन दिवस अबोला झाला होता.

आम्ही 2016 ते 2019 अशी तीन वर्षं अमेरिकेच्या मधल्या भागातल्या एका विद्यापीठाच्या गावी होतो. ह्यांना शिष्यवृत्ती होती. मी इथली शाळेतली अर्धवेळ नोकरी सोडून, चार वर्षांच्या मुलीला घेऊन गेले. विद्यार्थ्याच्या बायकोला ज्या व्हिसावर तिथं राहता येतं, त्यावर नोकरी करता येत नाही. म्हणजे वेळच वेळ! त्यातून नोव्हेंबरपासून बाहेर बर्फ. दुपारी साडेचारला दिवे लावायचे आणि ह्यांची वाट बघायची. बाईमाणसाशी बोलायचं तर किराणा दुकानात पैसे घेणारी मुलगी तेवढी एक.

आणि घरापासून दहा मिनिटांवर हा जिमखाना. तिकडे त्याला 'रिक्रिएशन सेंटर' म्हणतात, मुलं नुसतं 'रेक' म्हणतात. आपल्या कॉलेजच्या जिमखान्यात कॅरम, एक टेबलटेनिस आणि कुलूप लावलेलं कपाट असतं, तसलं काही डोळ्यांपुढे आणू नका. काचेच्या भिंतींची भली थोरली इमारत. आत पोहण्याचे दोन तलाव, बॅडमिंटनची कोर्टं, चढायला खडकासारखी भिंत, यंत्रांच्या रांगा आणि वरच्या मजल्यावर कोर्टांच्या सभोवार चालण्याचा गोल रस्ता. त्या रस्त्यावर आज डावीकडून चालायचं की उजवीकडून, याची पाटीसुद्धा रोज बदलायची. एकाच बाजूनं वळून वळून गुडघे धरू नयेत म्हणून.

या इमारतींची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. पर्ड्यू विद्यापीठानं 1957 साली केवळ हौशी खेळांसाठी म्हणून एक स्वतंत्र इमारत बांधली. तशी ती अमेरिकेतली पहिली, असं मानतात. मुलामुलींनी एकत्र खेळावं हा हेतू, म्हणून तिला 'को-रेक' नाव पडलं. 2012 मध्ये नूतनीकरणानंतर तिला फ्रान्स कोर्डोव्हा यांचं नाव दिलं. त्या खगोलशास्त्रज्ञ आणि त्या विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष. जिमखान्याला बाईचं नाव, आहे की नाही गंमत?

पुढं मात्र विद्यापीठांत चढाओढ लागली. लुइझियाना राज्याच्या विद्यापीठानं 2017 साली आपल्या नावाच्या तीन इंग्रजी अक्षरांच्या आकाराची एक संथ वाहणारी नदीच तयार केली. त्यात रबरी चकतीवर पडून मुलं तरंगतात. त्या सगळ्या कामाचा खर्च साडेआठ कोटी डॉलरच्या घरात आणि तो विद्यार्थ्यांच्या फीमधून. अभ्यासाच्या इमारतींची दुरुस्ती राहिली बाजूला आणि हे काय, अशी टीकाही झाली. कर्ज काढून शिकणाऱ्या मुलांच्या डोक्यावर हा भार असतो हे कळल्यावर मला त्या चकचकीत फरशीवर चालताना थोडं अपराध्यासारखं वाटायचं. अगदी थोडं हं!

तर 'फुकट' म्हणजे हे असं फुकट. ह्यांच्या फीमध्ये जिमखान्याचे पैसे कापलेले असायचे, गेले काय न गेले काय. आणि हे प्रयोगशाळेतून रात्री नऊला घरी यायचे. तीन वर्षांत जेमतेम चारदा गेले असतील. ज्याचे पैसे भरलेले त्याला वेळ नाही आणि जिला वेळ आहे तिचे पैसे वेगळे! एका सत्राचे पंच्याऐंशी डॉलर. आमचा आठवड्याचा किराणा त्याहून कमी पैशांत व्हायचा. मी विषय काढला तेव्हा हे म्हणाले, "घरात व्यायाम कर की. सूर्यनमस्कारांना काय पैसे पडतात?" म्हणणं चुकीचं नव्हतं. म्हणूनच मला जास्त राग आला. मला व्यायाम नको होता, मला घराबाहेर जायचं होतं. हे नीट सांगायला मला दोन दिवस लागले आणि ऐकून घ्यायला ह्यांना तेवढेच. मग पैसे भरले. ओळखपत्रावर माझ्या फोटोखाली ह्यांचं नाव, त्यांची पत्नी म्हणून. पण दार उघडायचं ते मात्र माझ्या हातानं.

आता मुलीचं काय? लहान मुलांना यंत्रांपाशी सोडत नसत आणि सांभाळायची सोयही तिथं नव्हती. शनिवारी दुपारी दोन तास तलाव कुटुंबांसाठी असायचा, तेवढाच. शेवटी वरच्या मजल्यावरच्या एका कोरियन बाईशी मी करार केला. मंगळवारी तिचा मुलगा माझ्याकडे, गुरुवारी माझी लेक तिच्याकडे. तिला माझं इंग्रजी कळायचं नाही, मला तिचं. पण करार तीन वर्षं टिकला. माझी लेक भाताबरोबर किमची खायला शिकली आणि तिचा मुलगा वरणाला 'वलन' म्हणायला लागला.

मी कऱ्हाडची. कृष्णा-कोयनेच्या संगमावर वाढले, पण पोहायला येत नव्हतं. भाऊ उन्हाळाभर नदीत डुंबायचे आणि आम्ही बहिणी काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायचो. तिथं मोठ्या माणसांसाठी पोहण्याचा वर्ग होता. नाव घातलं खरं, पण पोहण्याच्या पोशाखाचं काय? विचारलं तर कळलं, सुती कपडे चालत नाहीत, पण पोहण्याच्याच कापडाचा लांब बाह्यांचा सदरा आणि लांब तुमान खुशाल चालते. निम्मी धडधड तिथंच कमी झाली. उरलेली निम्मी कपडे बदलण्याच्या खोलीत. साठी-सत्तरीच्या बायका अंगावर धागा न ठेवता आरामात हवापाण्याच्या गप्पा मारत उभ्या! मी पहिले पंधरा दिवस भिंतीकडे तोंड करून कपडे बदलले. नंतर सवय झाली. त्यांच्याकडे बघण्याची नाही, पण दुसरीकडे बघण्याची.

मंगळसूत्र काढून कुलपात ठेवावं लागायचं. तलावाच्या पाण्यातल्या क्लोरीननं दागिन्याचं नुकसान होतं, शिवाय गळ्यात काही लोंबत असेल तर ते धोक्याचंही. हे आईला फोनवर मी तीन वर्षांत एकदाही सांगितलं नाही.

आठव्या आठवड्यात मी एका दमात तलावाची लांबी पार केली. पंचवीस यार्ड. तेवीस मीटरसुद्धा नाही. काठाला हात लागला तेव्हा शिकवणारी वीस वर्षांची पोर टाळ्या वाजवत होती आणि मी पाण्यातच रडत होते. पाण्यात रडलेलं कुणाला दिसत नाही, हा एक फायदा.

ज्यांना पुरुषांसमोर व्यायाम करायला संकोच वाटतो, त्यांच्यासाठी काही ठिकाणी बायकांच्या वेगळ्या वेळा असतात. 2008 साली हार्वर्डला काही मुसलमान विद्यार्थिनींच्या विनंतीवरून एका जिमखान्यात आठवड्यातले सहा तास फक्त बायकांना ठेवले, तर त्यावर केवढा वाद झाला! फी आम्हीही भरतो, असं मुलांचं म्हणणं. मला विचाराल तर सहा तासांनी कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण माझी मुलगी मोठी होऊन बायकांच्या वेळेतच जाऊ लागली, तर मला बरं वाटेल का? हेही मी स्वतःला विचारते.

आता दुसरी बाजू सांगते. ती पुतणीलाही सांगितली. चालण्याच्या यंत्राला एक लाल दोरी असते, तिचा चिमटा आपल्या कपड्याला लावायचा. म्हणजे पाय घसरला तर यंत्र आपोआप थांबतं. मी लावला नव्हता. दुसऱ्या वर्षी जानेवारीत घसरले आणि घोटा मुरगळला. तिथल्या मुलानं बर्फाची पिशवी दिली आणि एक कागद भरून घेतला. आत येतानाच आपण 'इजा झाल्यास जबाबदारी माझी' असं लिहून दिलेलं असतं, सही करताना कोण वाचतं! विम्याचा कागद काढला तर पहिली ठरावीक रक्कम आपल्याच खिशातून. हाड मोडलं नव्हतं, पण ते मोडलं नाही एवढं कळायलाच चारशे डॉलरच्या वर गेले. ह्यांनी एका शब्दानंही बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर बरं, असं मला तेव्हा वाटलं.

तेव्हा पैसे भरण्याआधी विमा वाचायचा. वर्षाचे एकदम भरू नयेत, एका सत्राचे भरून बघावं. जानेवारीत संकल्प केलेल्यांची झुंबड उडते. परीक्षेच्या आठवड्यात मात्र बरीच कोर्टं मोकळी मिळतात. तलावात उतरण्यापूर्वी अंघोळ करावी. तो जो नाकात जाणारा उग्र वास येतो ना, तो नुसत्या क्लोरीनचा नसतो. माणसांचा घाम आणि नको ते पाण्यात मिसळून तो तयार होतो. केस आधी साध्या पाण्यानं ओले केले की तलावाचं पाणी कमी पितात. आणि केसांना तेल लावून उतरायचं नाही, मग शुक्रवार असो की शनिवार!

परत आल्यावर माझं पोहणं सुटलं. आमच्या गावच्या तलावात बायकांची वेळ दुपारी दोन ते तीन आहे आणि तेव्हा मी शाळेत असते. सकाळी कॉलेजच्या मैदानावर चालते. ते विनापैशाचं आहे, फक्त साडेसहाला मुलांचं क्रिकेट सुरू झालं की कडेनं जावं लागतं. जिमखान्याचं ते ओळखपत्र कपाटात साड्यांखाली आहे. मुदत 2019 च्या मे महिन्यात संपली.

पुतणीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग भरू ना?" मी म्हटलं, "भर. आणि नवऱ्याला जायच्या आधीच सांगून ठेव." तिनं यादीत कुकरच्या खाली 'पोहण्याचा पोशाख, लांब बाह्यांचा' असं लिहिलं. मग जरा थांबून त्याच्याखाली 'कुलूप' लिहिलं.