वल्हवता येणे आणि शिकवता येणे : कयाकिंगमधील पायऱ्या आणि पात्रता

गोव्याच्या खाड्यांतून आणि नदीमुखांजवळ हिवाळ्याच्या सकाळी दिसणाऱ्या कयाकची संख्या अलीकडे वाढली आहे. मांडवी, साळ, शापोरा, तळपण अशा अनेक पात्रांत कांदळवनांच्या सावलीतून पर्यटकांच्या लहान तुकड्या वल्हवत जाताना दिसतात. प्रत्येक तुकडीच्या पुढे एक मार्गदर्शक असतो. तो सफाईने वल्हवतो, हे सर्वांना दिसते. परंतु कयाक उलटली तर तो काय करू शकेल, वारा फिरला तर सर्वांना परत आणू शकेल काय आणि नवख्याला शिकविण्याचे शिक्षण त्याने घेतले आहे काय, हे नुसत्या पाहण्याने कळत नाही. ते कळावे म्हणूनच जगभरातील संघटनांनी कौशल्याच्या पायऱ्या आणि प्रशिक्षकांच्या पात्रता ठरविल्या आहेत.

प्रथम दोन नावांतील फरक पाहणे आवश्यक आहे. कयाकमध्ये पाय पुढे पसरून बसतात आणि दोन्ही टोकांना पाती असलेले वल्हे आळीपाळीने दोन्ही बाजूंनी मारतात. कॅनोमध्ये गुडघ्यांवर किंवा बाकावर बसून एकाच पात्याचे वल्हे वापरतात. बर्लिन येथे १९३६ साली झालेल्या ऑलिम्पिक स्पर्धांत या दोन्ही प्रकारांना अधिकृत स्थान मिळाले. आजही शर्यतींच्या नावांत ‘के’ म्हणजे कयाक आणि ‘सी’ म्हणजे कॅनो अशी खूण असते.

लाइम बेची दुर्घटना

पात्रतेचा प्रश्न किती गंभीर आहे, हे इंग्लंडमधील एका घटनेने जगाला दाखवून दिले. २२ मार्च १९९३ रोजी प्लिमथच्या एका शाळेतील आठ विद्यार्थी, त्यांचे शिक्षक आणि साहसी क्रीडा केंद्राचे दोन प्रशिक्षक इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाइम रेजिस येथून कयाकने निघाले. किनाऱ्याकिनाऱ्याने जवळच्याच चारमथला पोहोचावयाचे होते. हे अंतर जेमतेम दोन-तीन किलोमीटरचे होते. वारा मात्र जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. तुकडी हळूहळू किनाऱ्यापासून दूर ढकलली गेली, लाटा वाढल्या आणि एकामागून एक कयाक उलटल्या. संकटाची सूचना देणारी साधने त्यांच्यापाशी नव्हती आणि मदतीची हाक उशिरा गेली. थंड पाण्यात कित्येक तास राहिल्याने चार विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला.

प्रशिक्षकांची पात्रता प्राथमिक स्वरूपाची होती आणि खुल्या समुद्रावर तुकडी नेण्यास ती पुरेशी नव्हती, हे पुढे स्पष्ट झाले. केंद्रातील सुरक्षेच्या त्रुटींविषयी आधीच्या कर्मचाऱ्यांनी लेखी इशारा दिला होता, हेही न्यायालयासमोर आले. १९९४ साली ती कंपनी सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्यात दोषी ठरली. इंग्लंडच्या कायद्यात एखादी कंपनी अशा गुन्ह्यासाठी दोषी ठरण्याची ती पहिलीच वेळ होती. कंपनीच्या संचालकालाही तुरुंगवास झाला. १९९५ साली ब्रिटिश संसदेने मुलांसाठीच्या साहसी उपक्रमांना परवाना सक्तीचा करणारा कायदा संमत केला.

तीन वेगळे प्रश्न

या घटनेपासून घेण्याचा धडा असा, की पात्रतेचे प्रमाणपत्र तीन प्रश्नांची उत्तरे स्वतंत्रपणे देते. या व्यक्तीला स्वतः वल्हवता येते काय? तिला इतरांचे नेतृत्व करता येते काय? तिला शिकविता येते काय? या प्रत्येक उत्तराला ‘कोणत्या पाण्यावर’ ही चौथी अट जोडलेली असते.

१९३६ साली ‘ब्रिटिश कॅनो युनियन’ म्हणून स्थापन झालेली आणि २०२४ पासून ‘पॅडल यूके’ या नावाने ओळखली जाणारी संघटना ही विभागणी काटेकोरपणे पाळते. पूर्वी तेथे एक ते पाच ताऱ्यांची पद्धत होती. आता वैयक्तिक कौशल्यासाठी ‘स्टार्ट’, ‘डिस्कव्हर’, ‘एक्सप्लोर’ अशा आरंभीच्या पायऱ्या आहेत. नावेत सुरक्षितपणे बसणे-उतरणे, सरळ जाणे, वळणे, थांबणे, उलटल्यावर स्वतःला सावरणे आणि पुढे लहान प्रवासाचे नियोजन करणे, असा तो क्रम आहे. त्यानंतर सागरी कयाक, खळाळते पाणी अशा प्रकारांनुसार वेगळे पुरस्कार आहेत.

नेतृत्वाची पात्रता याहून निराळी आहे. नेत्याने हवामान वाचावे, तुकडीची ताकद ओळखावी, उलटलेल्याला पुन्हा नावेत घ्यावे, थकलेल्याला दोरीने ओढून आणावे आणि मुख्य म्हणजे निघू नये तेव्हा ‘आज नाही’ असे सांगावे, ही त्याची परीक्षा असते. शिकविण्याच्या शिडीवर ‘इन्स्ट्रक्टर’ हा अतिशय सुरक्षित पाण्यावर नवख्यांना पहिले धडे देतो. ‘कोच’ दीर्घकाळ शिष्याची प्रगती घडवितो. त्याची पात्रता शांत, मध्यम किंवा कठीण अशा पाण्याच्या प्रकाराने बांधलेली असते. शांत तळ्यावरचा उत्तम शिक्षक खुल्या समुद्रावर आपोआप पात्र ठरत नाही. प्रथमोपचाराचे शिक्षण आणि मुलांच्या सुरक्षिततेविषयीचे प्रशिक्षण हेही शिक्षकासाठी आवश्यक असते.

१८८० साली स्थापन झालेल्या अमेरिकन कॅनो असोसिएशनने एक ते पाच अशा पातळ्या ठरविल्या आहेत. पहिली पातळी ओळखीची, तर पाचवी प्रगत परिस्थितीची. तेथेही प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र विशिष्ट प्रकारासाठी व विशिष्ट पातळीसाठी असते. ते कायमचे नसते. ठरावीक मुदतीत प्रत्यक्ष शिकवून आणि कौशल्य ताजे ठेवून त्याचे नूतनीकरण करावे लागते.

नद्यांच्या प्रवाहासाठी एक ते सहा अशी आंतरराष्ट्रीय श्रेणी वापरली जाते. पहिल्या श्रेणीत संथ वाहते पाणी, तर सहाव्या श्रेणीत जिवावर बेतणारे प्रवाह येतात. मात्र पाऊस पडून पाणी चढले की त्याच नदीची श्रेणी बदलते. पावसाळ्यात म्हादईवर राफ्टिंग चालते, त्या दिवसांत ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

गोव्याच्या पाण्याचा स्वभाव

येथील किनाऱ्याला हे सारे कसे लागू पडते, ते शालेय भूगोलातील दोन शब्दांवरून समजते. रात्री जमीन लवकर थंड होते आणि पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. दुपारी जमीन तापली की खारे वारे समुद्राकडून येतात. पहाटेच्या मतलई वाऱ्यात किनाऱ्यालगतचे पाणी आरशासारखे स्थिर दिसते, कारण जमिनीचा आडोसा असतो. थोडे पुढे गेले की हाच वारा नाव बाहेर ढकलू लागतो. लाइम बेमध्ये घातक ठरलेला वारा याच दिशेचा होता. तेथील गार पाणी येथे नसले, तरी दमलेल्या नवख्याला वाऱ्याविरुद्ध वल्हवत परतणे येथेही तितकेच कठीण असते.

नदीमुखाशी ओहोटीची भर पडते. ओहोटीच्या वेळी खाडीचे पाणी वेगाने समुद्राकडे ओढले जाते आणि समोरून लाटा येत असतील तर मुखाशी पाणी उसळते. म्हणून खाडीच्या आतील भागापुरता सराव असलेल्या मार्गदर्शकाने तुकडी मुखाबाहेर नेणे म्हणजे आपल्या पात्रतेची पायरी ओलांडणे होय. भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहणे हा तर पहिल्या धड्याचाच भाग आहे.

जलक्रीडांच्या प्रशिक्षणासाठी केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतील राष्ट्रीय जलक्रीडा संस्था गोव्यातच आहे. तिच्या नव्या संकुलाचे उद्घाटन ६ फेब्रुवारी २०२४ रोजी झाले. जीवरक्षण आणि बोट चालविण्याचे अभ्यासक्रम तेथे चालतात. साहसी पर्यटनासाठी राष्ट्रीय पातळीवर मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध झाली आहेत.

पाण्यात उतरण्यापूर्वी

पर्यटकाला किंवा मुलांना सहलीला नेणाऱ्या शिक्षकाला या सर्व पायऱ्या पाठ असण्याची आवश्यकता नाही. चार प्रश्न पुरेसे आहेत. मार्गदर्शकाचे प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचे, कशासाठीचे आणि कोणत्या पाण्यासाठीचे आहे? ते चालू मुदतीचे आहे काय? कयाक उलटली तर तो काय करील, हे तो निघण्यापूर्वी दाखवितो काय? ठरलेल्या वेळी तुकडी परतली नाही, तर किनाऱ्यावर कोणाला कळेल आणि तो कोणाला कळवील? लाइम बेमध्ये या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कोणापाशीच तयार नव्हते.

चांगल्या मार्गदर्शकाला असे प्रश्न खटकत नाहीत. जीवरक्षक जॅकेटचे पट्टे तो स्वतः तपासतो आणि वारा प्रतिकूल असेल तर पैसे परत करून तुकडीला घरी पाठवितो. त्या दिवशी पर्यटकाची सहल बुडते, पण जीव बचावतो.