स्कूटरचे इंजिन घरी उघडण्यापूर्वी

आपल्या बेटावर अनेक घरांच्या पडवीत एखादी जुनी स्कूटर ताडपत्रीखाली उभी दिसते. ती चालत नाही आणि विकायला मन होत नाही. आमच्या घरी बाबांची बजाज चेतक अशीच उभी होती. मला पुढे उभे करून आणि आईला मागे बसवून बाबा याच स्कूटरवर बाजाराला जात. काही वर्षांपूर्वी तिचे इंजिन जाम झाले. बाबा थकले होते. "एकदा तिचा आवाज ऐकायचा आहे," एवढेच ते म्हणाले. मी पेशाने शिक्षक, मेकॅनिक नव्हे. तरी जुलैच्या सुट्टीत इंजिन उघडायचे मी ठरवले.

पहिल्याच दिवशी चूक झाली. फ्लायव्हीलचा नट सोडवताना चाक फिरू नये म्हणून मी त्याच्या पंखांत स्क्रू ड्रायव्हर अडकवला. दोन पंख तुटले. पंख तुटलेले चाक तोल सोडून फिरते आणि बेअरिंगचा नाश करते, म्हणून दुसरे फ्लायव्हील मागवावे लागले. चार महिने वाट पाहिली. चाक धरून ठेवण्याचे साधन त्या खर्चाच्या एका लहानशा भागात आले असते. बाबा काही बोलले नाहीत, पण रोज संध्याकाळी पडवीत येऊन बसत. ते मला अधिक लागले.

चेतक १९७२ साली पुण्याजवळच्या आकुर्डीच्या कारखान्यातून बाहेर पडली. राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव तिला दिले होते. घडण मात्र इटलीच्या व्हेस्पाची, त्यामुळे व्हेस्पाची बरीच हत्यारे तिला चालतात. मागवण्यापूर्वी आपल्या मॉडेलचे माप मात्र ताडून पाहावे. आज चेतक या नावाने विजेवर चालणारी स्कूटर मिळते. तिच्यात असे इंजिनच नाही.

आता हत्यारांकडे वळू. दुकानातली शंभर नगांची चकचकीत पेटी पाहून भुलू नये. त्यातले निम्मे नग आपल्या कामाचे नसतात आणि लोखंड मऊ असले तर पाना नटावरून घसरतो. त्यापेक्षा चांगल्या प्रतीचे ८, १०, ११, १३, १४ आणि १७ मिलिमीटरचे रिंग पाने व सॉकेट घ्यावेत. त्यांत ११चा सर्वांत अधिक लागतो, म्हणून तो उत्तम घ्यावा.

त्यानंतर खास हत्यारे. काही फ्लायव्हीलच्या नटावर सर्क्लिप असते. तेथे नट सैल करत गेले की तोच चाक ओढून काढतो. सर्क्लिप नसेल तर आपल्या मॉडेलचा पुलर हवाच. क्लचच्या नटाला खाचा असतात आणि त्याला चार दातांचे सॉकेट लागते. आधी वॉशरची वाकवलेली जीभ सरळ करावी. अनेक जण येथे छिन्नी ठोकतात. मग खाचा बिघडतात आणि लोखंडाचे कण गियरमध्ये पडतात. पिस्टनच्या पिनसाठी सर्क्लिपची पक्कड घ्यावी.

इंजिनाचे दोन भाग वेगळे करताना मधल्या फटीत स्क्रू ड्रायव्हर घालू नये. सर्व बोल्ट निघाले आहेत ना, ते पाहून प्लॅस्टिकच्या हातोडीने हळूच ठोकावे. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येते. त्या जोडावर ओरखडा राहिला तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते, इंजिन तापते आणि पिस्टन पुन्हा जाम होतो. बेअरिंग बसवतानाही ठोकाठोक नको. ॲल्युमिनियम उष्णतेने पोलादापेक्षा सुमारे दुप्पट फुगते. केस गरम हवेच्या यंत्राने तापवावी आणि बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवावे. ते सहज आत उतरते.

शेवटी मोजण्याची हत्यारे. नवीन रिंग एकटी सिलिंडरमध्ये सरकवून, पिस्टनने सरळ करून, तिच्या टोकांतील फट फीलर गेजने मोजावी. ५७ मिलिमीटरच्या सिलिंडरला ती साधारण पाव मिलिमीटरच्या आसपास असते. नक्की आकडा मॅन्युअलमध्ये पाहावा. टॉर्क रेंच लहान आकड्यांचा निवडावा. मोटारीच्या चाकांसाठीचा मोठा रेंच हेडच्या नाजूक नटांना निरुपयोगी, कारण तो बोलण्यापूर्वीच आटे तुटतात. फ्लायव्हीलच्या नटाला मात्र कितीतरी अधिक जोर लागतो. त्या एका वेळेपुरता मोठा रेंच उसना आणावा.

आपल्याकडच्या खाऱ्या हवेत हत्यारे लवकर गंजतात. काम झाले की तेलाच्या फडक्याने पुसून ठेवावीत.

ही खास हत्यारे दहा वर्षांत दोनदा लागतात. प्रत्येकाने विकत घेण्याची गरज नाही. एका घरी पुलर, दुसऱ्या घरी क्लचचे सॉकेट, तिसऱ्या घरी रेंच असला तरी पुरे. लग्नाची मोठी पातेली आपण अशीच एकमेकांकडून आणतो.

पुढच्या जुलैत चेतक सुरू झाली. बाबांनी कान देऊन ऐकले आणि म्हणाले, "चोक बंद कर आता." माझा पुलर घरीच असतो. ज्यांना हवा असेल त्यांनी न्यावा, पुसून परत आणावा.