फ्लोराइड: ग्रँड रॅपिड्सला घालतात, आमच्या गावात काढावं लागतं

हा या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना आलेले "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" जरा कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.

झालं असं, की आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. "अमेरिकेने फ्लोराइडवर बंदी घातली, फ्लोराइड म्हणजे विष, टूथपेस्ट आजच फेका." दोन दिवसांनी माझ्या चुलत बहिणीचा फोन. ती यवतमाळ जिल्ह्यात आमच्या गावी राहते, मुलगा चार वर्षांचा.

"अरे, मी पेस्ट फेकून दिली बाप्पा. बरोबर केलं ना?"

मी विचारलं, "ताई, पाणी कुठलं पिता सध्या?"

"आपल्याच बोअरचं. कुठलं पिणार?"

आणि मी गप्प बसलो. कारण त्याच शिवारातल्या पाण्यावर मी सात वर्षांचा होईपर्यंत वाढलो आणि माझ्या पुढच्या दातांवर आजही तपकिरी पट्टे आहेत. कॉलेजचा एकही फोटो नाही ज्यात मी तोंड उघडून हसतोय. लोकांना वाटायचं, पोरगा गुटखा खातो. आजोबांना तर शेवटच्या वर्षांत मान वळवता येत नव्हती, सगळे म्हणायचे "वय झालं". ते वय होतं की पाणी, हे कोणी तपासलंच नाही.

म्हणून आजचा विषय: फ्लोराइड. चांगलं की वाईट?

गोष्ट सुरू होते डागांपासून

१९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण डेंटिस्ट अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्स गावात आला. बघतो तर तिथल्या लोकांच्या दातांवर तपकिरी डाग. कारण शोधण्यात त्याची कित्येक वर्षं गेली. त्यात त्याला एक विचित्र गोष्ट दिसली, की हे डागाळलेले दात किडत मात्र कमी होते.

उत्तर सापडलं १९३१ मध्ये. ॲल्युमिनियम कंपनीतल्या चर्चिल नावाच्या केमिस्टने पाणी तपासलं आणि त्यात निघालं फ्लोराइड. मग ट्रेंडली डीन या सरकारी संशोधकाने गावागावांची तुलना केली. लिटरमागे साधारण १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असेल तर ठळक डाग फारसे पडत नाहीत, पण कीड कमी होते, असं त्याला दिसलं.

मग प्रश्न आला, की जिथे फ्लोराइड कमी आहे तिथे आपणच घातलं तर? २५ जानेवारी १९४५ ला मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स शहराने ते करून पाहिलं. असं करणारं हे जगातलं पहिलं शहर. तुलनेसाठी शेजारचं मस्कीगन शहर तसंच ठेवलं. आपल्या भाषेत सांगायचं तर ए-बी टेस्ट. पण सुरुवातीचे निकाल बघून १९५१ मध्ये मस्कीगननेही फ्लोराइड सुरू केलं, म्हणजे टेस्ट अर्ध्यात असताना कंट्रोल ग्रुपच गेला! तरी अकरा वर्षांनी ग्रँड रॅपिड्समध्ये, प्रयोग सुरू झाल्यानंतर जन्मलेल्या मुलांची दातकीड ६० टक्क्यांहून जास्त कमी झालेली दिसली. पुढे अमेरिकाभर हे पसरलं.

मग आता भांडण कशाचं?

भांडण जुनंच आहे. पन्नाशीच्या दशकात काही लोक याला कम्युनिस्टांचा कट म्हणायचे. ते सोडून द्या. आजचे मुद्दे मात्र ऐकण्यासारखे आहेत.

पहिला मुद्दा टूथपेस्टचा. १९४५ मध्ये फ्लोराइडची पेस्ट दुकानात मिळत नव्हती, आज घरोघरी आहे. आणि फ्लोराइडचं मुख्य काम पोटात जाऊन नाही, दाताच्या पृष्ठभागावरच होतं. गोड खाल्लं की जंतू आम्ल तयार करतात आणि ते दाताच्या वरच्या थरातली खनिजं काढून नेतं. फ्लोराइड ती खनिजं परत बसायला मदत करतं. २०२४ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार, पेस्ट सगळीकडे पोचल्यानंतरच्या काळात पाण्यातल्या फ्लोराइडचा फायदा मुलामागे सरासरी पाव दात इतकाच उरलाय.

दुसरा मुद्दा मेंदूचा. अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रॅमने २०२४ मध्ये सांगितलं, की लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड आणि मुलांचा कमी बुद्ध्यांक यांचा संबंध दिसतो, आणि या निष्कर्षावर त्यांचा विश्वास "मध्यम" आहे. पण अमेरिकेत पाण्यात घालतात ते ०.७. त्या पातळीबद्दल ठरवायला पुरेसा डेटा नाही, हेही त्यांनीच लिहिलंय. फॉरवर्डमध्ये हे दुसरं वाक्य कधीच नसतं.

तिसरा मुद्दा संमतीचा. नळाच्या पाण्यातून सरकारने मला औषध का द्यावं? नेदरलँड्सने सत्तरच्या दशकात हे बंद केलं. २०२५ मध्ये युटा आणि मग फ्लोरिडा या राज्यांनी बंदी घातली. म्हणजे "अमेरिकेने बंदी घातली" असं नाही, दोन राज्यांनी घातली.

आणि दुसरी बाजू? कॅनडातलं कॅलगरी शहर. त्यांनी २०११ मध्ये फ्लोराइड थांबवलं. शेजारच्या एडमंटनने चालू ठेवलं. काही वर्षांनी तुलना केली तर कॅलगरीच्या मुलांचे दात जास्त किडलेले निघाले. २०२१ मध्ये लोकांनी मतदान करून फ्लोराइड परत मागितलं आणि २०२५ मध्ये ते परत सुरू झालं. ज्याला डेंटिस्ट परवडत नाही, त्याच्यापर्यंत नळ पोचतो. हा मुद्दा हलका नाही.

आता आपल्या गावाचा हिशोब

आपल्याकडे पाण्यात फ्लोराइड कोणी घालत नाही. ते खडकातून आपोआप उतरतं. बोअर जितकी खोल, तितकं पाणी खडकात जास्त काळ मुरलेलं, आणि बरेचदा फ्लोराइडही तितकं जास्त. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतली कित्येक गावं यात येतात. भारतीय मानकानुसार मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५.

मी ताईला म्हटलं, आधी पाणी तपासून घे. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून नमुना गेला. रिपोर्ट आला ३.१.

आता गणित करा. चार वर्षांचं पोर दिवसाला एक लिटर पाणी पितं असं धरा, म्हणजे ३ मिलिग्रॅम. पेस्टमध्ये फ्लोराइड असतं जास्तीत जास्त १००० पीपीएम. तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, आणि ती सगळी गिळली तरी, ०.१ मिलिग्रॅम. म्हणजे ताईने ०.१ वालं फेकलं आणि ३ वालं चालू ठेवलं. तीसपट!

आणि मोठ्यांचं बघा. मे महिन्यात शेतात राबणारा माणूस पाच-सहा लिटर पाणी सहज पितो. लिटरमागचा आकडा तोच, पण शरीरात जाणारं फ्लोराइड कितीतरी जास्त. अमेरिकेतसुद्धा पूर्वी उष्ण भागांत कमी आणि थंड भागांत जास्त फ्लोराइड घालत, ते याचमुळे.

मग करायचं काय?

- पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं.
- आरओने जातं. तुरटी आणि चुना वापरून काढायची नालगोंडा पद्धतही आहे, ती आपल्या नागपूरच्या नीरीनेच विकसित केली. पण ती अंदाजाने करायची गोष्ट नाही, मात्रा मोजावी लागते.
- जवळ कमी फ्लोराइडचा स्रोत असेल तर पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी तिथून आणा. अंघोळीला, धुण्याला बोअरचं चालेल.
- साधारण आठ वर्षांपर्यंत पक्के दात आतमध्ये घडत असतात. डाग तेव्हाच पडतात आणि नंतर पाणी बदलून जात नाहीत. म्हणून घाई लहान मुलांची.
- पाण्यात फ्लोराइड जास्त असेल तर मुलांच्या पेस्टबद्दल डेंटिस्टला विचारूनच ठरवा. बाकी ठिकाणी पेस्ट फेकू नका. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी, आणि थुंकायला शिकवा.

ताई आता गावाबाहेरच्या जुन्या विहिरीचं पाणी आणते. ते तपासलं, ०.६ निघालं. रोज दोन हंडे, एक किलोमीटर. मी म्हटलं, आरओला पैसे पाठवतो. म्हणाली, "पाठव, पण लाइट असते कुठे?" तेही खरंच आहे. गावासाठी काहीतरी मोठं व्हायला हवं. आमच्या पोरांनी ग्रामसभेत विषय ठेवायचं ठरवलंय, काय होतं ते सांगेनच.

तोवर तुमचं एक काम. गावी बोअरचं किंवा हापशीचं पाणी पीत असाल, तर आज घरी फोन करा आणि एकच विचारा: "आपलं पाणी शेवटचं कधी तपासलं?" उत्तर "माहीत नाही" असेल तर पेस्टचं नंतर बघू, आधी पाण्याचा नमुना द्या.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.