इंजिनाला वारा घालणारं इंजिन

इंदूरजवळच्या पीथमपूरला 2007 पासून ‘बाहा एसएईइंडिया’ ही शर्यत भरू लागली. इंजिनीअरिंगची मुलं स्वतः बांधलेली एकासनी गाडी तिथे पळवतात. अनेक वर्षं सगळ्यांना इंजिन एकच: ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन, 305 सीसी, दहा हॉर्सपॉवर. त्यात ना रेडिएटर, ना पाणी. शिवाय इंजिनात फेरफार करायला बंदी, म्हणजे ते थंड ठेवायचं तर अक्कल आजूबाजूलाच चालवायची.

सिलिंडरवरच्या पातळ फिन धातूची उष्णता हवेला देतात. पण ही हवा गाडीच्या वेगाने येत नाही, ती फ्लायव्हीलला जोडलेला पंखा ढकलतो. जुन्या मागच्या इंजिनाच्या रिक्षात हेच चालतं. पंख्यावरचं पत्र्याचं कव्हर मुलांना अडगळ वाटतं. ते काढलं, की हवा सोप्या वाटेने बाजूला पळते आणि फिन वाऱ्याविनाच राहतात. चार तासांच्या शर्यतीत धूळ-चिखल जाळीवर आणि फिनच्या फटींत बसतो, वाळतो, आणि इंजिनावर जणू गोधडीच चढते. पिटमध्ये ब्रशने तो खरवडणारा मुलगा म्हणजे त्या संघाचा खरा कूलंट! तेल कमी असलं किंवा मिश्रणात पेट्रोल कमी पडलं, तरी इंजिनाचं डोकं तापतं.

हवेवर थंड होणारी इंजिनं फक्त अशा छोट्या गाड्यांतच असतात असं नाही. पोर्शने 1998 पर्यंत आपली 911 ही गाडी हवेवरच थंड केली. 1970 ची ल मांची शर्यत जिंकणाऱ्या पोर्श 917 च्या बारा सिलिंडरांवर तर भलामोठा आडवा पंखा होता.