ला सेल्वाच्या ओढ्यांतील पंधरा वर्षे

सदाहरित जंगलातला ओढा बारमाही वाहतो, पाणी उबदार राहते, म्हणून त्यातल्या जलकीटकांची संख्याही फारशी हलत नसावी, असा समज होणे साहजिक आहे. कोस्टा रिकातील ला सेल्वा तर या समजाला पोषक असेच ठिकाण. तिथे वर्षाला सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि ज्याला कोरडा हंगाम म्हणतात त्यातही सरी येतच राहतात. तरीही १९९७ ते २०११ या काळातल्या तळाच्या नमुन्यांत कीटकांची घनता एल निनो आणि ला निना यांच्या फेऱ्यांबरोबर वरखाली होत गेली. मला वाटते, स्थैर्य ओढ्यात नव्हतेच. पाहण्याचा काळ तोकडा असल्यामुळे ते भासत होते.

यावर पहिला आक्षेप अन्नाचा. फॉस्फरस कमी असला की शेवाळ आणि पालापाचोळा कुजवणारे सूक्ष्मजीव मंदावतात. मग चढउतारांचे मूळ तिथेच का शोधू नये? ते शोधलेही गेले. एका ओढ्यात तब्बल आठ वर्षे फॉस्फरस सोडला, पण कीटकांच्या संख्येवर त्याच्यापेक्षा हवामानाचा ठसा ठळक उमटला. हवामान कीटकांपर्यंत पोहोचते ते मात्र आडवाटेने. पूर येतो तेव्हा साठलेल्या पाल्यासह त्यात राहणाऱ्या अळ्याही वाहून जातात. उलट पाऊस ओढ घेतो तेव्हा मातीत कार्बन डायऑक्साइड साचतो. पुढच्या जोरदार पावसात तो पाण्यात उतरतो आणि ओढा आम्लधर्मी होतो. ज्वालामुखीकडून येणारे बायकार्बोनेटयुक्त भूजल ज्या ओढ्यांना मिळते, ते हा धक्का पचवतात. शेजारचा, केवळ स्थानिक पावसावर जगणारा ओढा तो पचवू शकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. या कीटकांच्या पिढ्या झपाट्याने होतात, वर्षभर अंडी घातली जातात, मग घट भरून निघतेच की! निघते, हे खरेच. पण जी भरून निघते ती घट आधी झालेली असते. बारा महिन्यांचा अभ्यास घसरणीत पडला की भरणीत, हे पंधरा वर्षांची मालिका हाताशी असल्याशिवाय कळत नाही. म्हणूनच ला सेल्वाजवळच्या ज्या सारापिकी नदीवर जलविद्युत प्रकल्प झाले, तिच्या खोऱ्यात एका वर्षाच्या सर्वेक्षणाला ‘मूळ स्थिती’ म्हणणे मला मान्य नाही. ला सेल्वातले आकडे दुसऱ्या जंगलाला लागू पडणार नाहीत; तिथेही वर्षानुवर्षे तळ तपासावा लागेल.